वीस हजार कपडे, त्यांतले तीन गहाळ

इकडे पेशवाई अखेरच्या घटका मोजत होती. त्याच महिन्यात, २७ फेब्रुवारी १८१८ रोजी, लंडनमध्ये पार्लमेंटच्या एका समितीपुढे सदतीस वर्षांच्या एका बाईंची साक्ष झाली. समिती शहरातल्या तुरुंगांची चौकशी करत होती. बाईंचं नाव एलिझाबेथ फ्राय. क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या, पेढीवाल्यांच्या घरातल्या, भरल्या संसाराच्या. न्यूगेट तुरुंगातल्या बायकांनी गेल्या दहा महिन्यांत काय काम केलं याचा हिशेब त्यांनी दिला. जवळजवळ २०,००० कपडे शिवले. शिवाय दर महिन्याला ६० ते १०० जोड मोजे विणले, थोडं सूत कातलं. एवढ्या कपड्यांतले गहाळ झाले तीन. आणि तेही बायकांमुळे गेले असं आम्हाला वाटत नाही, असं फ्रायबाईंनी सांगितलं.

या तीनवर मी बराच वेळ थांबले. आत असलेल्या कितीतरी जणी चोरीच्याच आरोपाखाली आलेल्या होत्या. वर्षभर आधी त्यांच्या हातात कापड आणि सुई द्यायचं घाटत होतं, तेव्हा जाणत्या माणसांनी बजावलं होतं की माल चोरीला तरी जाईल, नाहीतर फाडला तरी जाईल. मग मधल्या काळात असं काय झालं?

तुरुंगातल्या बायकांच्या कामाची चर्चा निघाली की दोन गोष्टी विचारल्या जातात: काम आहे का, आणि मजुरी किती. न्यूगेटचं प्रकरण मला अभ्यासावंसं वाटलं ते त्याच्याही आधीच्या एका प्रश्नासाठी. काम देण्यापूर्वी त्या बायकांना कुणी विचारलं होतं का?

१८१३: कपडे वाटले

फ्रायबाई पहिल्यांदा न्यूगेटमध्ये गेल्या त्या १८१३ मध्ये. स्टीफन ग्रेलेट नावाचे क्वेकर धर्मोपदेशक तुरुंग पाहून आले होते. बायकांच्या भागात त्यांनी उघडीनागडी तान्ही मुलं पाहिली, आणि तिथून ते मदत मागायला थेट फ्रायबाईंकडे आले. बाईंनी ओळखीच्या बायका जमवल्या, गरम फ्लॅनेलची झबली शिवली आणि ती घेऊन त्या आत गेल्या.

आत सुमारे ३०० बायका आणि त्यांची मुलं दोन बराकी आणि दोन कोठड्यांत होती. सगळी जागा मिळून १९० चौरस यार्ड. आपल्या मापात साधारण १,७०० चौरस फूट. माणशी सहा फूटसुद्धा येत नाहीत, आणि यात मुलं धरलेली नाहीत. तिथेच चूल, तिथेच धुणं, तिथेच जमिनीवर झोपणं, अंगाखाली अंथरूण नाही. खटला व्हायचा असलेल्या आणि शिक्षा झालेल्या, किरकोळ गुन्ह्यातल्या आणि भारी गुन्ह्यातल्या सगळ्या एकत्र. पाहुणे आले की गजांशी झुंबड उडे. लांब काठ्यांना लाकडी चमचे बांधून ते बाहेर काढायचे आणि भीक मागायची. मिळालेले पैसे दारूत जात, कारण दारू तुरुंगातच विकत मिळे. खुद्द तुरुंगाधिकारी बायकांच्या भागात जायला कचरत असे. फ्रायबाईंनाही घड्याळ काढून ठेवून आत जा, असा सल्ला मिळाला होता.

वर्णन एवढ्यासाठी दिलं, की त्या बायकांना करायला काहीही नव्हतं हे ध्यानात यावं. नुसता वेळ जात नाही एवढंच ते नव्हतं. चार पैसे हाती यायचे तर भिकेवाचून किंवा त्याहून वाईट मार्गावाचून दुसरी वाट नव्हती. काठीला बांधलेला चमचा हेच त्यांच्या कमाईचं हत्यार.

फ्लॅनेलची झबली वाटून झाली. मुलांना ऊब मिळाली असणार, आणि ती ऊब काही कमी मोलाची नाही. पण न्यूगेट होतं तसंच राहिलं. पुढची तीनेक वर्षं बाळंतपणं, पाच वर्षांच्या आतल्या एका मुलीचा मृत्यू आणि घरच्या पैशाच्या अडचणी यांत गेली, आणि बाईंचं तिकडे जाणं थांबलं.

त्या १८१६ च्या नाताळाच्या सुमारास परत गेल्या. या वेळी त्यांनी कपडे नेले नाहीत. माणूस तोच, तुरुंग तोच आणि रीत वेगळी. म्हणून हे प्रकरण अभ्यासाला सोयीचं आहे.

१८१७: विचारलं

या खेपेला फ्रायबाईंनी अधिकाऱ्यांना सांगितलं, मला या बायकांसोबत एकटीला राहू द्या. आत त्यांनी बायबलमधला मत्तयचा विसावा अध्याय वाचला. द्राक्षमळ्याचा मालक सकाळी मजूर लावतो, दुपारी लावतो, दिवस मावळायला तासभर उरला असताना चौकात रिकामे उभे असलेले आणखी काही लावतो, आणि संध्याकाळी सगळ्यांना सारखीच मजुरी देतो, ती गोष्ट. दिवसभर रिकामं का उभे आहात, असं मालक विचारतो. आम्हाला कुणी कामावर लावलंच नाही, असं ते उत्तर देतात. फ्रायबाईंचा भर अर्थातच धर्मावर होता, पश्चात्तापाला उशीर होत नाही यावर होता. पण गजांआड बसलेल्या बाईच्या कानाला ते उत्तर कसं लागलं असेल, हा विचार मनातून जात नाही.

मग मुलांच्या शाळेचा विषय निघाला. आया लगेच तयार झाल्या. शिकवायला कोण, हे ठरवायचं काम त्यांच्यावरच सोपवलं गेलं. त्यांनी आपल्यातलीच मेरी कॉनर ही तरुण मुलगी निवडली. ती घड्याळ चोरल्याच्या आरोपात आत आली होती. एक रिकामी कोठडी मिळाली, शाळा सुरू झाली आणि दाराशी मोठ्या बायकांची गर्दी होऊ लागली. आम्हालाही शिकवा, आम्हालाही काही काम द्या. कामाची मागणी आतून आली. या प्रकरणाचा सारांश सांगताना ही गोष्ट हमखास वगळली जाते, आणि मग वाटतं की एका थोर बाईंना सुचलं आणि त्यांनी केलं.

एप्रिल १८१७ मध्ये बारा जणींचं मंडळ उभं राहिलं, एका पाद्र्याची बायको आणि अकरा क्वेकर बायका. शहराच्या अधिकाऱ्यांकडे त्या गेल्या तेव्हा कुणी वाईट वागलं नाही. सगळ्यांनी सहानुभूतीने सांगितलं की हे जमणार नाही. शेरीफने, म्हणजे शहराच्या एका वरिष्ठ अधिकाऱ्याने, मात्र एक अडचण नेमकी मांडली. या बायकांची स्वतःची संमती असल्याशिवाय काही होणार नाही, आणि तुमच्या हाती कायद्याचा अधिकार नाही, शिक्षा करायची ताकद नाही, तेव्हा असल्या दांडग्या बायका तुमचं ऐकतील कशाला?

शेरीफला हे दुबळेपण वाटलं. माझ्या मते सगळ्या योजनेचं बळ इथेच होतं.

एका रविवारी दुपारी अधिकाऱ्यांच्या समोर सुमारे सत्तर बायकांना एकत्र बोलावलं. तुम्हाला हे हवं आहे का, त्यासाठी नियम पाळायला तयार आहात का, असं विचारलं. त्या हो म्हणाल्या. तुरुंगातली धुण्याची खोली साफ करून, चुना मारून तिची कामाची खोली केली. पुढच्या बैठकीत फ्रायबाईंनी नियम एकेक करून वाचले आणि प्रत्येकाला हात वर करून मत मागितलं. देखरेखीला एक मेट्रन असावी. बारा-बारा जणींचे गट असावेत आणि प्रत्येक गटावर त्यांच्यातलीच एक मॉनिटर. भीक मागणं, शिवीगाळ, जुगार, भांडणं बंद. सकाळी नऊला घंटा झाली की कामाच्या खोलीत यायचं. कुणी किती काम केलं याची नोंद मेट्रनने चोख ठेवायची. मॉनिटर कोण, यालाही हात वर झाले.

इथे शंका यायलाच हवी. कुलपाआड असलेल्या, दुसरा काही पर्याय नसलेल्या बाईने वर केलेल्या हाताला संमती म्हणायचं का? प्रत्येक नियमाला झाडून सगळे हात वर जातात, तेव्हा त्यातले किती मनापासूनचे असतात? हा आक्षेप मी उडवून लावणार नाही. पण त्या दिवशीची एक गोष्ट ध्यानात घ्यावी लागेल. नियम वाचणाऱ्या बायकांच्या हाती शिक्षा नव्हती. उद्या एखादी म्हणाली असती की मी नाही येत कामाला, तर मंडळाला तिचं काही वाकडं करता येत नव्हतं. नाही म्हणायला जागा होती, म्हणून त्या हो म्हणण्यात काही तथ्य आहे. त्या बायकांना शहराने पकडलं होतं, कोर्टाने शिक्षा दिली होती, तुरुंगाने कोंडलं होतं. यातलं काहीही त्यांना विचारून झालेलं नव्हतं. त्या बैठकीत कुणीतरी प्रश्न करून उत्तराची वाट पाहिली.

कामाचा माल कुठून आला

हा भाग थोडक्यात सांगते, पण सोडवत नाही. ऑस्ट्रेलियात बॉटनी बेला, म्हणजे त्यांच्या काळ्या पाण्यावर, जे कैदी जात त्यांचे कपडे पुरवण्याचा धंदा फेनचर्च स्ट्रीटवरच्या रिचर्ड डिक्सन आणि कंपनीकडे होता. मंडळातली एक बाई थेट त्यांच्या दुकानात गेली. तुमच्या धंद्याचा हा भाग मला काढून घ्यायचा आहे, असं तिने सरळ सांगितलं आणि वर त्यांचाच सल्ला विचारला. ते म्हणाले, आम्ही आड येणार नाही, आणि काम शोधत हिंडूही नका, ते आम्हीच देऊ. बाजारात खरोखर खपणारा माल हाताखाली आला. वेळ घालवण्यासाठी शिवायचं आणि उसवायचं, असं ते काम नव्हतं. शिवलेला सदरा समुद्रापार कुणाच्या तरी अंगावर चढणार होता.

महिनाभराने लॉर्ड मेयर, शेरीफ आणि शहराचे वडीलधारे पाहायला आले. गजांशी चमचे घेऊन झोंबणाऱ्या बायका त्यांना माहीत होत्या. आता त्या ओळीने बसून शिवत होत्या. शहराने सगळी योजना तुरुंगाच्या कारभारात सामावून घेतली, मेट्रनच्या पगारातला वाटा उचलला, आणि ऐकत नाही तिला थोड्या काळासाठी कोंडून ठेवायचा अधिकार मंडळाला दिला.

बहुतेक जण हा विजय म्हणून सांगतात. मला मात्र इथे काहीतरी निसटल्यासारखं वाटतं. अधिकार मिळाला त्या दिवशी शेरीफची अडचण मिटली आणि हात वर करण्याचा अर्थही बदलला. काम तेच राहिलं, सुई तीच राहिली.

अठरा पेनी

साक्षीतला मजुरीचा हिशेब असा: बाईमागे आठवड्याला सरासरी १८ पेनी. बारा पेनींचा शिलिंग, म्हणजे दीड शिलिंग. ही मजुरी कमी होती, आणि ते लपवलंही नाही. स्वस्त तयार कपड्यांच्या दुकानांसाठीचं हे काम, त्याचे पैसे फारच थोडे मिळतात, असं फ्रायबाईच म्हणाल्या. त्या थोडक्या कमाईतून बायका खाण्यापिण्याचं बघत. शिवाय सगळ्या मिळून महिन्याला सुमारे ४ पौंड कपड्यांसाठी वर्गणी काढत. मंडळ त्यात सुमारे ८ पौंड घाली. त्यातून सगळ्यांच्या अंगावर धड कपडा राही.

आता हे १८१३ शेजारी ठेवून पाहा. तेव्हा बाहेरच्या बायकांनी शिवलं आणि आतल्यांनी घेतलं. आता अंगावरच्या कपड्यात तिसरा हिस्सा त्यांचा स्वतःचा होता. १२ पौंडांतले ४. दान आणि वाटा यांतला फरक कपडा घालणारीला कळतो. ‘हे मी घेतलं’ असं तिला म्हणता येतं.

त्याच साक्षीत फ्रायबाईंनी आणखी एक सूचना केली. कमाईतला काही भाग बाईला आत असतानाच चहा-साखरेसारख्या गोष्टींसाठी खर्चू द्यावा आणि काही भाग बाजूला टाकावा, म्हणजे सुटेल त्या दिवशी हाती काही असेल आणि तिला जुन्या वाटेवर परत जावं लागणार नाही. डिसेंबर २०१५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने मंजूर केलेल्या, कैद्यांना कसं वागवावं हे सांगणाऱ्या नेल्सन मंडेला नियमांतला १०३ वा नियम उघडून पाहा. रास्त मोबदला, त्यातला काही भाग खर्चाची आणि घरी पाठवायची मुभा, काही भाग सुटकेच्या दिवसासाठी शिल्लक. दोनशे वर्षांपूर्वी एका बाईने समितीपुढे सांगितलेलं जवळजवळ जसंच्या तसं तिथे आहे. घरी पैसे पाठवणं तेवढं नवीन, आणि बाईच्या दृष्टीने तेच सगळ्यात मोठं. आत असलेल्या आईने पाठवलेल्या पैशातून मुलाची वही आली, तर त्या घरात ती आई म्हणून अजून आहे.

जे झालं नाही

फ्रायबाईंच्या कामाबद्दल मला आदर आहे, म्हणूनच उणी बाजूही नोंदवते.

काम म्हणजे शिवण आणि विणकाम, एवढंच. बाहेर पडल्यावर याच शिवणावर पोट भरणाऱ्या गरीब बायकांच्या गर्दीत यांना शिरायचं होतं, आणि तिथला दर आधीच उतरलेला होता. दुसरं कुठलं कसब शिकवावं हे त्या काळच्या भल्या माणसांच्याही डोक्यात आलं नाही. बाईला शोभेल ते काम कोणतं, हे आधीच ठरलेलं होतं.

कामाच्या आगेमागे बायबलवाचन असे. पुढे शुक्रवारच्या वाचनाला शहरातले प्रतिष्ठित लोक आणि परदेशी पाहुणे हजेरी लावू लागले. बायका खाली मान घालून बसलेल्या आणि समोर बघे. चमच्यांच्या काळातही त्यांच्याकडे बघायला लोक येत. आता ते कौतुकाने येत, एवढाच बदल. काम करणाऱ्या बाईला आपल्याकडे रोज कुणीतरी पाहायला येणार नाही, एवढा आडोसा तरी हवा. तो न्यूगेटमध्ये कुणी दिला नाही.

आणि फाशी. न्यूगेटच्या दाराबाहेर जाहीर फाशी होत असे, आणि खोट्या नोटा चालवणाऱ्यालाही ती होई. एप्रिल १८१८ मध्ये, साक्षीनंतर दोन महिन्यांच्या आत, हॅरिएट स्केल्टनला याच गुन्ह्यासाठी फाशी झाली. फ्रायबाईंनी तिच्यासाठी धडपड केली, गृहमंत्री लॉर्ड सिडमथ यांची नाराजी ओढवून घेतली, उपयोग झाला नाही. सुई हातात देणं एवढंच मंडळाच्या आवाक्यात होतं. तो हात जिवंत ठेवणं त्यांच्या हाती नव्हतं. नोटा ज्या बँक ऑफ इंग्लंडच्या होत्या, तिनेच २००२ मध्ये पाच पौंडांच्या नोटेवर फ्रायबाईंचं चित्र छापलं. ती नोट २०१७ पर्यंत चलनात होती.

नको इतकं सुख

विरोध कुठून आला हेही पाहायला हवं, कारण तो आजही ओळखीचा वाटतो. सिडनी स्मिथ हे नामवंत पाद्री आणि लेखक. सुधारणावादी म्हणून ओळखले जाणारे. त्यांनी १८२० च्या दशकाच्या सुरुवातीला लिहिलं की फ्रायबाई चांगल्या, आधीच्या बेपर्वाईपेक्षा त्या कितीतरी बऱ्या, पण गुन्हे असे थांबत नाहीत. कमाईत कैद्याला वाटा नको, भेटीगाठी नकोत, माग नकोत आणि सुताराचे बाकही नकोत. एकांत हवा, लाज वाटेल असा पोशाख हवा, आणि श्रम कंटाळवाणे, जाचक आणि न संपणारे हवेत.

हा नुसता एका माणसाचा शब्द नव्हता. त्याच काळात इंग्लंडच्या तुरुंगांत पायचक्की आली. लांब फिरत्या पिंपावर पायऱ्या असतात, कैदी चढत राहतो, पिंप फिरत राहतं, तो जागच्या जागी. लंडनच्या ब्रिक्स्टन तुरुंगात ती १८२१ मध्ये बसली, आणि सुरुवातीच्या वर्षांत तिच्यावर बायकाही चढवल्या गेल्या. कित्येक पायचक्क्या धान्य दळत किंवा पाणी उपसत, तर काही नुसता वारा कापत. श्रम होते, घाम होता, फळ काही नाही. काम म्हणजे आपोआप प्रतिष्ठा, असं कुणी म्हणालं की मला ही चक्की आठवते. मंडेला नियमांत ९७ वा नियम सांगतो की तुरुंगातलं काम जाचाचं असता कामा नये, कैद्याला गुलामीत ठेवता येणार नाही. त्या वाक्यामागे पायचक्कीसारखी यंत्रं उभी आहेत.

१८२३ च्या कायद्याने बायकांवर बायकांचीच देखरेख हवी ही फ्रायबाईंची एक मागणी मान्य झाली. पण १८३६ पर्यंत सरकारी निरीक्षक न्यूगेटच्या कारभारावर कडक टीका करू लागले होते. त्यांचा कल प्रत्येक कैदी वेगळ्या कोठडीत ठेवण्याकडे होता. एकांताला फ्रायबाईंचा विरोध होता. रात्री वेगळं झोपू द्या, दिवसा एकत्र काम करू द्या, असं त्यांचं म्हणणं. वारा मात्र उलट वाहत होता. १८४५ मध्ये त्या गेल्या.

‘राजा’

एक वस्तू उरली आहे. काळ्या पाण्यावर जाणाऱ्या बायकांच्या जहाजांवरही मंडळ काम पोहोचवत असे. महिनोन्‌महिने समुद्रावर करायला काही नसायचं, म्हणून प्रत्येकीला सुया, दोरा, कात्री आणि रंगीत चिटाचे तुकडे. त्यांची गोधडी करायची आणि वाटेतल्या बंदरात किंवा उतरल्यावर विकायची. एका जहाजावरच्या गोधड्या रिओ द जानेरोला एकेक गिनीला गेल्या. म्हणजे २१ शिलिंग, न्यूगेटच्या हिशेबाने चौदा आठवड्यांची मजुरी.

५ एप्रिल १८४१ रोजी १८० कैदी बायका घेऊन एक जहाज वुलिचहून निघालं आणि १९ जुलैला ऑस्ट्रेलियातल्या होबार्टला लागलं. जहाजाचं नाव ‘राजा’. त्या साडेतीन महिन्यांत बायकांनी २,८१५ तुकडे जोडून एक मोठी गोधडी शिवली. ती त्यांनी विकली नाही. ती आज कॅनबेराच्या राष्ट्रीय कलादालनात आहे. मधे फुलं आणि पक्षी, भोवती चौकटीत चौकट. खालच्या कडेला टाक्यांनी मजकूर लिहिला आहे: जहाज समितीच्या बायकांना, कृतज्ञतेची खूण म्हणून, आणि उद्योगी राहा हा त्यांचा उपदेश आम्ही विसरलो नाही याचा पुरावा म्हणून. जून १८४१.

जहाजाचं नाव त्यात आहे, समितीचं आहे, महिना आहे. शिवणाऱ्यांपैकी एकीचंही नाही. काही टाके बारीक आणि एका रेषेत आहेत, काही ओबडधोबड. शेजारीशेजारी बसून किती वेगवेगळ्या हातांनी ती शिवली, हे तेवढं त्यावरून दिसतं.